टीव्हीचा रिमोट आणि बाहेरचा स्पीकर: हुकूम अडतो कुठे?

आजचा विषय फलकावर वाचून काहीजण हसले, ते आम्ही पाहिलं. टीव्हीच्या रिमोटने बाहेरच्या स्पीकरचा आवाज कमी-जास्त करायचा, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? पण हा प्रश्न घरोघरी आहे. नवा टीव्ही येतो, चपटा, देखणा. त्याचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले असतात, कारण समोर जागाच ठेवलेली नसते. चित्र झकास, पण संवाद कळत नाहीत. मग मुलगा किंवा जावई साउंडबार आणून जोडून देतो, नाहीतर माळ्यावरचं जुनं होम थिएटर खाली काढतो. आवाज सुधारतो. आणि दुसऱ्या दिवसापासून आजी-आजोबांपुढे तीन रिमोट: एक सेट-टॉप बॉक्सचा, एक टीव्हीचा, एक साउंडबारचा. तिसरा नेमका सोफ्याच्या फटीत जातो. रात्री जाहिरात कर्कश वाजायला लागते, आजी टीव्हीच्या रिमोटवरचं वजाचं बटण दाबत राहते, आणि आवाज ढिम्म हलत नाही. शेवटी ती टीव्हीच बंद करून झोपायला जाते. वर तिची समजूत अशी होते की आपल्याला ही यंत्रं जमत नाहीत. तसं नाहीये. तिने बटण बरोबरच दाबलं होतं. जोडणी चुकीची आहे. आणि बऱ्याच घरांत ती नवीन काही विकत न घेता सुधारते.

आज एकच प्रश्न हातात धरून ठेवा. आवाज बदलतोय कुठे? टीव्ही आणि स्पीकर यांच्यामध्ये जी वायर आहे, तिच्या अलीकडे की पलीकडे? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पुढचं सगळं आपोआप सुटत जातं.

आधी रिमोट. गंमत म्हणजे टीव्हीच्या बिनतारी रिमोटचा जन्मच आवाजाच्या कटकटीतून झाला आहे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीच्या प्रमुखांना टीव्हीवरच्या जाहिरातींचा भयंकर राग होता, आणि जागेवरून न उठता त्या गप्प करता याव्यात असं त्यांना वाटत होतं. १९५५ मध्ये त्यांच्याकडच्या यूजीन पॉली यांनी फ्लॅश-मॅटिक नावाची एक बॅटरीच बनवली म्हणा ना. तिचा झोत टीव्हीच्या चार कोपऱ्यांतल्या प्रकाशसंवेदकांवर मारायचा. पण ऊन पडलं की तेच संवेदक भलतंच काही करून बसायचे. पुढच्या वर्षी रॉबर्ट ॲडलर यांचा स्पेस कमांड आला. त्यात सेलसुद्धा नव्हता. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची, कांडी आपल्याला ऐकू न येणाऱ्या उंच स्वरात वाजायची, आणि टीव्ही तो स्वर ऐकायचा. बटणं चारच, आणि त्यातलं एक आवाज बंद करण्याचं. म्हणजे आजीला जे हवंय, तेच त्या सुरुवातीच्या रिमोटला करायचं होतं.

आजचा साधा रिमोट प्रकाशावर चालतो, पण तो प्रकाश अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. तो नुसता उघडझाप करत नाही. सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याचे छोटे-मोठे तुकडे पाडून त्यांतून आकडे पाठवतो. हे एवढं कशाला? तर घरात ऊन आहे, दिवे आहेत, सगळ्यांतून थोडा अवरक्त प्रकाश येतच असतो. त्या गर्दीत टीव्हीला आपल्या माणसाचा आवाज ओळखता यावा, म्हणून ही ठरावीक लय. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तीन पायांचा टीएसओपी १७३८ नावाचा भाग मिळतो, तो ही ३८ हजारांची लय पकडणाराच असतो. आपल्यापैकी ज्यांनी हौसेने सर्किटं जोडली आहेत त्यांना तो माहीत असेल.

एनईसी नावाची पद्धत पुष्कळ रिमोटमध्ये वापरतात. तिच्यात एका दाबात ३२ बिट जातात. त्यातले अर्धे पत्त्याचे, अर्धे हुकमाचे. पत्ता म्हणजे 'हे अमुक यंत्रासाठी आहे', आणि हुकूम म्हणजे 'आवाज वाढव'. म्हणून तर टीव्हीचं बटण दाबल्यावर एसी सुरू होत नाही. आता साउंडबार टीव्हीच्या समोरच ठेवलेला आहे, त्याच्याही डोळ्यावर हाच प्रकाश पडतोय. पण पाकिटावरचा पत्ता टीव्हीचा आहे. दुसऱ्याचं पत्र आहे म्हणून साउंडबार ते उघडत नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हुकूम टीव्हीला मिळाला. आता टीव्ही काय करतो? टीव्हीच्या आत आवाज म्हणजे आकड्यांची रांग असते, साधारणपणे सेकंदाला ४८ हजार आकडे, डाव्या कानाचे वेगळे, उजव्याचे वेगळे. आवाज कमी करायचा म्हणजे प्रत्येक आकड्याला एकापेक्षा लहान संख्येने गुणायचं. सगळे निम्मे केले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ऐकणाऱ्याला तो निम्मा झाल्यासारखा वाटायला मात्र साधारण १० डेसिबल उतरावं लागतं. तर प्रश्न असा, की हा गुणाकार होण्याआधीचे आकडे वायरीत जातात, की नंतरचे?

हेडफोनच्या भोकातून जाणारे आकडे बहुतेक वेळा गुणाकारानंतरचे असतात. उघड आहे, हेडफोन कानाला लावणाऱ्याला आवाज कमी-जास्त करता आलाच पाहिजे. त्यामुळे ज्यांच्याकडे जुनं होम थिएटर आहे आणि टीव्हीला हेडफोनचं भोक आहे, त्यांचं काम सर्वांत स्वस्तात होतं. एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना, अशी वायर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. ती जोडा. काही टीव्हींच्या मेनूमध्ये या भोकासाठी 'फिक्स्ड' की 'व्हेरिएबल' असा पर्याय असतो, कधी 'हेडफोन' की 'ऑडिओ आउट' असा. आपल्याला व्हेरिएबल किंवा हेडफोन हवंय. तिथे फिक्स्ड निवडलेलं असेल, तर गुणाकाराआधीचे आकडे बाहेर जातात आणि पुन्हा आजी वजा दाबत बसते.

इथे एक काम मात्र मन लावून करायचं असतं, आणि लोक तेच सोडून देतात. होम थिएटरची चकती आधी शून्यावर ठेवा. टीव्हीचा आवाज पाऊण भागापर्यंत न्या, म्हणजे १०० पैकी ७५ च्या आसपास. मग होम थिएटरची चकती हळूहळू फिरवत घरात जास्तीत जास्त जेवढा आवाज चालेल तिथपर्यंत आणा. झालं. चकतीला पुन्हा हात लावायचा नाही. जमलं तर तिथे चिकटपट्टी लावून टाका. आता रिमोटचं शून्य ते ७५ हे सगळं अंतर वापरात येतं. उलट केलं, म्हणजे टीव्ही १० वर आणि चकती पूर्ण उघडी, तर टीव्हीकडून येणाऱ्या क्षीण आवाजाबरोबर वायरीतली सूं-सूंसुद्धा तेवढीच फुगते. शिवाय कुणी चुकून रिमोटचा आवाज ४० वर नेला तर शेजारी दारात उभे.

आता ऑप्टिकलकडे येऊ. सर्वांत जास्त गाऱ्हाणी इथली, म्हणून जरा थांबू या.

ऑप्टिकल वायर १९८३ मध्ये तोशिबाने आणली, म्हणून तिला टॉसलिंक म्हणतात. आत तांबं नाही, प्लास्टिकचा पारदर्शक धागा आहे, आणि त्यातून लाल प्रकाश जातो. वायरीचं एक टोक टीव्हीत ठेवून दुसरं बाहेर काढलंत तर लाल ठिपका दिसेल. दुकानदार साउंडबारबरोबर हीच वायर देतो आणि सांगतो, 'हिचा आवाज एकदम डिजिटल.' खोटं नाही. पण या धाग्यात दोन गोष्टी नाहीत. एक, ती एकेरी वाट आहे, टीव्हीकडून स्पीकरकडे. दुसरी, तिच्यातून फक्त आवाजाचे आकडे जातात. 'आवाज वाढव' असा वेगळा निरोप पाठवायची सोयच त्यात ठेवलेली नाही. आणि बहुतेक टीव्ही या वाटेने गुणाकाराआधीचे आकडे पाठवतात, पूर्ण ताकदीचे.

हा टीव्हीचा आडमुठेपणा नाही, त्याला कारण आहे. डॉल्बीसारखा बहुवाहिनी आवाज दाबून, घडी घालून, पाकिटात बंद करून पाठवलेला असतो. त्या पाकिटातल्या आकड्यांना बाहेरून गुणता येत नाही. आधी पाकीट उघडायला हवं, आणि ते उघडण्याचं काम स्पीकरच्या बाजूला व्हायचं असतं. त्यामुळे ऑप्टिकल जोडणीत आवाज बहुतेक वेळा वायरच्या पलीकडे बदलतो, आणि तिकडे टीव्हीचा हुकूम पोचत नाही. एवढंच काय ते. टीव्ही बिघडलेला नाही आणि रिमोटही नाही.

मग यावर उपाय? दोन आहेत, आणि पहिला शहाणपणाचा वाटतो आम्हाला. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची तीन-चार भोकं असतात, त्यातल्या एकाच्या शेजारी एआरसी किंवा ईएआरसी अशी इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. साउंडबारलाही तसंच भोक आहे का बघा. असेल तर ऑप्टिकल काढा आणि ही दोन भोकं एकमेकांना जोडा. एचडीएमआयची वाट मुळात टीव्हीकडे येणारी. बॉक्सकडून चित्र आणि आवाज टीव्हीत येतात. २००९ मध्ये एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीत त्याच वायरीतून आवाजाला उलटं, टीव्हीकडून स्पीकरकडे जाण्याची वाट दिली गेली. एआरसी म्हणजे आवाजाची परतीची वाट. ईएआरसी हे तिचं नंतरचं, रुंद केलेलं रूप.

पण आपल्याला खरा रस आहे तो याच वायरीतल्या दुसऱ्या एका तारेत. एचडीएमआयच्या टोकाला १९ पिना असतात. तेरावी पिन सीईसीची. ही तार चित्रही नेत नाही आणि आवाजही नाही, ती फक्त निरोप नेते, आणि दोन्ही दिशांनी नेते. वेग किती, तर सेकंदाला जेमतेम ४०० बिट. शेजारच्या तारांमधून त्याच सेकंदात अब्जावधी बिट धावत असतात आणि ही मधोमध बैलगाडी. पण निरोप्याला तेवढं पुरतं. या तारेवर टीव्हीचा पत्ता शून्य, आणि आवाजाच्या यंत्राचा पत्ता पाच. तुम्ही टीव्हीच्या रिमोटवर अधिक दाबलंत की टीव्ही आपले आकडे गुणत बसत नाही. तो पाच नंबरला निरोप धाडतो, 'आवाज वाढवण्याचं बटण दाबलं गेलंय.' हा निरोप तीन घासांचा असतो आणि पोचायला सेकंदाचा साधारण तेरावा भाग लागतो. म्हणून या जोडणीत बटण आणि आवाज यांच्यामध्ये कधीकधी किंचित ढिलाई जाणवते. साउंडबार आवाज वाढवतो आणि उलट निरोप पाठवतो, 'आता मी २३ वर आहे.' पडद्यावर दिसणारा आकडा तो. म्हणजे आवाज वायरच्या पलीकडेच बदलला, पण हुकूम वायरीतून तिकडे पोचला. आजीच्या हातात एकच रिमोट राहिला.

वायर जोडली तरी हे आपोआप सुरू होईलच असं नाही. पुष्कळ टीव्हींमध्ये सीईसी चालू करावं लागतं. आणि मेनूमध्ये ते सीईसी या नावाने शोधलंत तर सापडेलच असं नाही, कारण बऱ्याच कंपन्यांनी त्याचं आपापलं बारसं केलंय. सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासोनिकमध्ये व्हिएरा लिंक, फिलिप्समध्ये ईझीलिंक. गोष्ट एकच, नावं पाच. ग्राहकाला यातून काय मिळालं, ते त्या कंपन्यांनाच ठाऊक. साउंडबारच्या बाजूनेही ते चालू हवं. आणि टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत 'बाहेरचा स्पीकर' किंवा 'ऑडिओ सिस्टिम' निवडायला विसरू नका.

आपल्याकडची एक खास अडचण सांगतो. रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची आपली सवय, आणि अधूनमधून वीजही जाते. परत आली की टीव्ही, साउंडबार आणि सेट-टॉप बॉक्स आपापल्या सवडीने जागे होतात, आणि कधीकधी टीव्हीला पाच नंबरवर कुणी भेटतच नाही. मग काल चालणारा रिमोट आज चालेनासा होतो, आणि 'साउंडबार गेला' असं घरात ठरतं. अशा वेळी दोन्हींचे प्लग पाच मिनिटं काढून ठेवायचे, आधी साउंडबार लावायचा, तो जागा झाला की टीव्ही. बहुतेकदा ओळख परत पटते. सेट-टॉप बॉक्स मध्येच लुडबुड करत असेल, म्हणजे भलत्या वेळी टीव्हीचा स्रोत बदलत असेल, तर त्या बॉक्सच्या मेनूत जाऊन त्याचं सीईसी तेवढं बंद करा.

दुसरा उपाय ऑप्टिकलच ठेवून करायचा. मघाचं पत्र आठवतंय ना, दुसऱ्याच्या पत्त्याचं? काही साउंडबारना ते उघडायला शिकवता येतं. पुस्तिकेत 'लर्न' किंवा 'टीव्ही रिमोट' असं काही लिहिलेलं असतं. साउंडबारवरची ठरलेली बटणं दाबून धरायची, मग टीव्हीच्या रिमोटचं अधिक दाबायचं, मग वजा. यापुढे तो प्रकाश दिसला की साउंडबार स्वतःच वर-खाली होतो. टीव्हीला यातलं काहीच माहीत नसतं, त्यामुळे टीव्हीचे आतले स्पीकर मेनूतून बंद करायचे. नाहीतर दोघंही एकाच हुकमावर आवाज वाढवतात.

हे जमण्यासाठी रिमोट प्रकाश सोडणारा हवा. नव्या टीव्हींचे काही रिमोट ब्लूटूथवर चालतात, आणि ब्लूटूथ साउंडबारच्या त्या डोळ्याला दिसत नाही. तपासायला पैसे लागत नाहीत. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा, आवाजाचं बटण दाबा. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकला तर प्रकाश आहे. मागच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा अवरक्त गाळणारी काच जास्त कडक असते, म्हणून पुढचा. कुणाकडे रिमोट असेल तर आत्ताच बघा. एसीचासुद्धा चालेल.

आणि साउंडबार टीव्हीच्या डोळ्यासमोर आडवा ठेवलेला नाही ना, तेही बघा. टीव्हीचा डोळा बहुधा खालच्या कडेला असतो, आणि दोन इंच उंच साउंडबार तो सहज झाकतो. मग रिमोट 'कधी चालतो, कधी नाही'.

श्रोत्यांचे काही प्रश्न चिठ्ठ्यांवर आलेत, त्यातले तीन घेऊ.

पहिला: 'आमच्याकडे सेट-टॉप बॉक्सचाच रिमोट वापरतात, टीव्हीचा कुणी हातातच घेत नाही. मग?' फार चांगला प्रश्न, कारण इथे आवाजाची तिसरी जागा निघते. बॉक्सच्या रिमोटने पुष्कळदा बॉक्सच्या आतला आवाज बदलतो, म्हणजे टीव्हीत शिरण्याच्याही आधी गुणाकार होतो. त्यामुळे ऑप्टिकलवरचा साउंडबारसुद्धा कमी-जास्त होताना दिसतो, आणि लोक खूश होतात. पण तेच यूट्यूब लावलं की बॉक्स चित्रातून बाहेर, आणि आवाज पुन्हा हाताबाहेर. शिवाय बॉक्स ३० वर राहिला आणि साउंडबार चढवला, तर बॉक्सवरून यूट्यूबवर जाताना दचकायला होतं. आमचा सल्ला असा, की बॉक्सचा आवाज पूर्ण किंवा त्याच्या जवळपास ठेवून द्यावा. अनेक बॉक्सच्या रिमोटवर शिकवता येणारी बटणं असतात. त्यांना टीव्हीच्या रिमोटचं अधिक-वजा शिकवा. मग आजीचा आवडता रिमोट तोच राहतो आणि हुकूम टीव्हीला जातो.

दुसरा: 'वायरच नको, ब्लूटूथने जोडलं तर?' जोडता येतं. आवाजाचा आकडा दोन्हीकडे एकच ठेवायची सोय ब्लूटूथमध्ये आहे, पण टीव्ही आणि स्पीकर या दोघांनीही ती पाळली तरच रिमोट चालतो. ते जोडून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून दुकानातच टीव्हीसमोर लावून बघा. ओठ आधी हलणं आणि शब्द मागून येणं हाही त्रास ब्लूटूथमध्ये जास्त. बातम्या बघताना तो लगेच खुपतो.

तिसरी चिठ्ठी एका ताईंची आहे. 'बाबांना कमी ऐकू येतं, त्यांना मोठा आवाज लागतो, बाकीच्यांचं डोकं उठतं. एका रिमोटने दोन आवाज कसे सांभाळायचे?' एका रिमोटने नाही सांभाळता येत, ताई, आणि तसा आग्रहही धरू नका. खोलीतला साउंडबार एआरसीवर ठेवा, तो रिमोटवर चालू दे. बाबांसाठी ऑप्टिकलचं भोक मोकळंच झालंय. तिथे ऑप्टिकल घेणारा बिनतारी हेडफोनचा संच लावता येतो, आणि त्याची चकती हेडफोनवरच असते. मघाशी जो त्या वाटेचा दोष म्हणून सांगितला, की तिथून आवाज बहुतेक वेळा पूर्ण ताकदीचा जातो, तो इथे उपयोगी पडतो: खोलीतला आवाज कुणी कितीही कमी केला, तरी बाबांच्या कानातला हलत नाही. फक्त घेण्याआधी एक बघून घ्या. काही टीव्ही एआरसी सुरू झालं की ऑप्टिकल बंद करतात. साउंडबार चालू असताना ऑप्टिकल वायरीच्या टोकाशी लाल ठिपका दिसतो का, हे आधी तपासा. दिसलाच नाही, तर तिथे वाट बंद आहे. दिसला, तर टीव्हीच्या मेनूत ऑप्टिकलचा आवाज 'पीसीएम' या साध्या प्रकारात ठेवा, कारण हेडफोनच्या संचाला डॉल्बीचं पाकीट बहुधा उघडता येत नाही. मग हेडफोन लावून ऐकून बघा, आणि बाबांना बरोबर घेऊन जाऊन त्यांच्या कानाला बसेल असा संच घ्या.